पाटीची शिकवणी

"सिस्टर, गावात आज काही घडलंय का?" डॉक्टर अत्तार सरांनी दारातूनच विचारलं. त्यांच्या हातात केसपेपरांचा गठ्ठा होता आणि प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात तांबडा ठिपका.

"नाही सर. का?"

"सकाळपासून चौदा बायकांना जीव द्यायचाय. यातल्या एकीच्या नातवाचं काल बारसं झालं. पेढा अजून माझ्या खिशात आहे."

मी वरचा कागद घेतला. खाली छापून आलं होतं, 'रुग्ण म्हणते, जीव नको झालाय. आत्महत्येचा धोका. तातडीने समुपदेशन.' त्याच्या खालचा तसाच. त्याच्याही खालचा. एप्रिलचा दुसरा आठवडा चालू होता आणि बाहेर पत्रा तापून तडतडत होता. आमच्याकडं अशा दिवसांत 'उन्हानं जीव नको झालाय' असं न म्हणणारी बाई शोधून सापडायची नाही.

मला आधी हसू आलं. मग सरांनाही आलं. चौदाजणी बाकावर पदरानं वारा घेत बसल्या होत्या. आपल्याला का थांबवून ठेवलंय हे त्यांना कळत नव्हतं.

याला आता सहा वर्षं झाली. आमच्या ग्रामीण रुग्णालयात ते यंत्र मार्चमध्ये आलं होतं. रक्तदाब बघायच्या टेबलाशेजारी पडदा लावून, एका उभ्या दांड्यावर काळी काच बसवलेली. पेशंटनं तिच्यासमोर बसायचं आणि काय होतंय ते सांगायचं. ती मराठीत प्रश्न विचारायची, ऐकायची आणि शेवटी सगळ्याचं सार छापून द्यायची. कुठला आजार असू शकतो, काय तपासावं, किती घाई आहे, सगळं. कंपनीनं तिला भारी इंग्रजी नाव ठेवलं होतं. पहिल्याच दिवशी एक म्हातारी म्हणाली, "ही तर शाळंतली पाटी," आणि ती पाटीच झाली.

पाटीला आजार पाठ होते, आमची माणसं पाठ नव्हती. द्राक्षबागेत दिवसभर घड तोडून आलेली बाई म्हणाली, "हात मोडून आल्यात," की पाटी दोन्ही हातांचे एक्स-रे सुचवायची. कुणी म्हणालं, "पोटात गोळा उठतोय," की गाठीची शंका. सरांनी महिनाभर सोसलं आणि मग कंपनीला पत्र धाडलं. त्याची पोच म्हणून पुण्याहून रेवती आली. सव्वीस-सत्तावीसची असेल. मूळची अकोल्याकडची, पाठीवर दप्तर आणि डोळ्यांवर मोठा चष्मा.

"रागावू नका सर," ती म्हणाली, "तिला तुमच्याकडची बोली कोणी शिकवलीच नाही. मला पाच-सहा बायका द्या, चांगल्या बोलणाऱ्या. दोन दिवस पुरेत."

"मला रोज दोनशे पेशंट," सर म्हणाले. "एकाला दोन मिनिटं. तुमची पाटी दहा मिनिटं ऐकते, हे मला आवडतं. पण ऐकलेलं तिला कळलं पाहिजे. दोन दिवसांनी कळलं नाही तर घेऊन जा." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "सिस्टर, बोलणारी बाई म्हटलं की मला एकच नाव सुचतं."

मला कळलं. ते नाव माझ्या सासूबाईंचं होतं.

त्यांना मी आत्या म्हणते. नाव शालन. वय बासष्ट. आमच्या वडजीच्या बागांमधून विरळणीला, म्हणजे घडांतले जादा मणी काढायला, जाणाऱ्या बायकांच्या टोळीच्या त्या मुकादम होत्या, आणि बायका भांडायच्या त्या आत्यांच्या ओळीत काम मिळावं म्हणून. ओळ संपेपर्यंत आत्यांची गोष्ट संपायची नाही, त्यामुळं पुढची ओळही तिथंच धरायची. मालक लोक म्हणायचे, शालनबाई आल्या की काम दीडपट होतं आणि गलका दुप्पट.

संध्याकाळी भाकरी थापता थापता मी त्यांना विचारलं.

"मला नगं ते दवाखान्याचं," त्या म्हणाल्या. एवढंच. दुसरं वाक्यही नाही. मला नवल वाटलं, पण मी दमलेली होते, पुढं विचारलं नाही.

जेवणं झाल्यावर ताट उचलता उचलता त्याच म्हणाल्या, "ती पाटी नाव इचारती का गं?"

"पेशंटला विचारते. पण हे शिकवायचं काम आहे आत्या. खोटं खोटं पेशंट व्हायचं. दुसऱ्या कुणाचं दुखणं सांगितलं तरी चालतं."

"आणि मधीच कुणी आत येतंय?"

"लसीकरणाच्या खोलीत बसायचं. आपणच असणार."

"मग येते," त्या म्हणाल्या. "ताराक्काला पण सांग. एकटीनं काय बोलायचं."

पहिला दिवस नुसता शब्दांचा होता. पाचजणी सतरंजीवर गोल बसल्या, मधे स्टुलावर पाटी आणि बाजूला रेवती. रेवती एकेक शब्द विचारायची आणि बायका अर्थ सांगायच्या. पहिल्या अर्ध्या तासात कुणी तोंड उघडेना. मग रेवतीनं विचारलं, "ठणका आणि सणक एकच ना?"

आत्यांना राहवलं नाही. "एक कसं आसंल? सणक म्हंजे पोस्टमन. दारातनं हाक मारली, गेला. ठणका म्हंजे पावणा. पिशवी घिऊन येतो, मुक्काम करतो, आणि रात्री घोरतो बी."

रेवतीचं पेन थांबलं. "आणि ठसठस?"

"ती वरातीच्या ताशागत. एका ठेक्यात. गळू पिकायला आलं की बघ."

"तिडीक?"

"तिडीक डोस्क्यात जाती," ताराक्का मधे पडली. ताराक्का आमच्या गल्लीतली, आत्यांच्याच वयाची, बोलण्यात त्यांच्या खालोखाल. "पोटातनं उठती आणि डोस्क्यात जाती. आमच्या ह्यांनी परत जेवण मागितलं की मला उठती."

मग थांबणं नाही. उसण, चमक, कळ, वांब. कंबर धरली म्हणजे काय आणि कंबर भरली म्हणजे काय, यावर दोघींचं खरंखुरं भांडण झालं आणि उरलेल्या तिघींनी मतं दिली. हात मोडून येणं म्हणजे हात मोडणं नव्हे, हे सांगायला ताराक्का उभी राहून हात हलवून दाखवायला लागली. "पाटीला दिसत नाही हो," रेवती म्हणाली, "बोलूनच सांगा." ती हसत होती, लिहीत होती, मधेच चष्मा काढून डोळे पुसत होती. बाहेरून दोनदा अत्तार सर डोकावून गेले. तिसऱ्यांदा आले ते खुर्ची घेऊनच आले आणि दाराबाहेर बसून ऐकत चहा प्यायले.

मी नोकरीला लागून चौदा वर्षं झाली होती. त्या खोलीत एवढं हसू मी कधी ऐकलं नव्हतं. तिथं पोरं रडायचीच.

दुसऱ्या दिवशी सराव होता. आता एकेकीनं पेशंट होऊन पाटीसमोर बसायचं. रेवतीनं रात्री बसून आदल्या दिवसाचे शब्द पाटीत भरले होते. ताराक्का आपल्या नवऱ्याचं पित्त घेऊन बसली. "छातीत भगभगतंय, आंबट वर येतंय आणि जीव नको झालाय." आम्ही श्वास धरला.

पाटी म्हणाली, "उन्हामुळे किंवा त्रासामुळे थकल्यासारखं वाटतंय का, की खरोखर जगू नये असे विचार येतात?"

"त्यांना कशाला येत्यात. मलाच येत्यात," ताराक्का म्हणाली आणि खोली हसून लोळली.

मग आत्या बसल्या. पदर सारखा केला. "ही मी न्हाय बरं का. माझ्या नणंदंच्या गावची एक बाई हाय. तिचं सांगती."

"सांगा," पाटी म्हणाली.

"तिचं जरा अंगावरनं जातंय."

पाटी क्षणभर थांबली. मग तिच्या त्या शांत आवाजात म्हणाली, "अंगावरून जाणारं वाहन कोणतं होतं? दुचाकी, चारचाकी की ट्रॅक्टर?"

असलं हसू मी आयुष्यात ऐकलं नाही. ताराक्का सतरंजीवर आडवी झाली. एकजण म्हणाली, "बैलगाडी म्हणावं." रेवतीला आधी कळेना, मग मी तिच्या कानात सांगितल्यावर तीही कपाळाला हात लावून हसली. "थांबा, थांबा, हे लिहून घेते. थोडं उकलून सांगा हो मावशी, तिला सुधारायची संधी द्या."

मीही हसत होते. हसता हसता आत्यांकडं बघितलं. त्या हसत नव्हत्या.

सगळ्या गावाला हसवणारी ही बाई, आणि असा विनोद पुढ्यात आयता पडलेला असताना ती पाटीच्या काळ्या काचेकडं बघत गप्प बसली होती. दोन्ही हात मांडीवर, एकमेकांत घट्ट.

"वाहन न्हाय," त्या म्हणाल्या. "बायकांचं जातं तसलं. तांबडं."

"म्हणजे पाळीचा रक्तस्राव होतो का?"

"पाळी जाऊन बारा वर्सं झाली."

खोलीतलं हसू ओसरलं होतं. पाटी मात्र तशीच होती, तोच सूर, तीच गती. "हे पहिल्यांदा कधी झालं?"

"दिवाळीच्या आदल्या हप्त्यात. मंगळवारी."

"त्यानंतर किती वेळा?"

"तीनदा. आता गेल्या पंधरा दिवसांत रोज थोडं थोडं."

"दुखतं का?"

"दुखत न्हाय. दुखलं आसतं तर सांगितलं आसतं तिनं."

"कोणाला सांगितलंय का?"

"घरात सगळी कामातली माणसं हायती," त्या म्हणाल्या. "कुणाला सांगनार."

रेवती खूश होती. पाटी चुकली होती आणि मग नीट वाटेवर आली होती, तिला तेवढंच दिसत होतं. माझ्या मनात मात्र तो मंगळवार अडकला होता. दुसऱ्याच्या गावच्या बाईचा वार कुणी एवढा नेमका सांगतं का? त्या दिवाळीपासून आत्या मंगळवारच्या भजनाला गेल्या नव्हत्या. गुडघे देवळाच्या पायऱ्या चढू देत नाहीत म्हणायच्या. देव्हाऱ्यातला दिवाही "तूच लाव गं" म्हणून माझ्यावर सोपवला होता. मला वाटलं होतं, सून आता घरात रुळली म्हणून मान दिला. धुण्याच्या यंत्रानं काठ विरतात असं सांगून स्वतःची लुगडी पहाटे वेगळी धुवायच्या, तेही मी ऐकून सोडून दिलं होतं. मी, जी दिवसातून पन्नास बायकांना पाळीची तारीख विचारते.

काचेचा कोपरा तांबडा झाला. 'पाळी गेल्यानंतरचा रक्तस्राव. गर्भाशयाच्या अस्तराची तपासणी आवश्यक. आठवड्याच्या आत स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवा.'

"तांबडं का झालं?" आत्यांनी विचारलं.

"सरावात होतं असं," रेवती म्हणाली. "फारच छान झालं मावशी."

आत्यांनी तिच्याकडं बघितलं नाही. माझ्याकडं बघितलं. "त्या बाईला काय सांगू?"

बाकीच्या चौघी बघत होत्या. मी शक्य तेवढ्या साध्या आवाजात म्हणाले, "सांगा, घाबरायचं नाही. उद्या सकाळी तिला माझ्याबरोबर मिरजेला यायला सांगा. सगळं मी बघते."

"उद्याच?"

"उद्याच."

संध्याकाळी त्या माझ्या स्कूटरवर मागं बसल्या. रस्ता दोन्ही बाजूंनी बागांचा. माझं तोंड पुढं, त्यांचंही पुढं. अर्धा रस्ता सरला. मग मागून आवाज आला.

"ती बाई लई भिती."

"कशाला भिते?"

"क्यान्सर निघाला तर."

"निघेल किंवा निघणार नाही. लवकर बघितलं तर निघाला तरी काढून टाकता येतो. ती उशीर करत बसली तर मात्र मी तिच्यावर रागावेन."

"रागावलीस तर चालंल," त्या म्हणाल्या आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. एरवी त्या मागच्या दांडीला धरायच्या.

दुसऱ्या दिवशी मिरजेत सोनोग्राफी झाली, अस्तराचा तुकडा तपासायला गेला. निकालाला नऊ दिवस. त्या नऊ दिवसांत आत्यांनी आपल्या मुलाला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, महादेवला, स्वतः सांगितलं. मला बोलू दिलं नाही. काय सांगितलं ठाऊक नाही, पण तो परसात जाऊन बराच वेळ उभा राहिला आणि आत येऊन आईच्या ताटात वाढायला लागला. यापूर्वी त्यानं पाण्याचा तांब्याही कधी भरला नव्हता.

मी अत्तार सरांना सांगितलं तेव्हा त्यांनी रजिस्टर मागवलं. पानं उलटत जानेवारीवर थांबले. "आल्या होत्या," ते म्हणाले. "माझ्याकडंच. तक्रार, गुडघे. गोळ्या दिल्या." बोट त्या ओळीवर तसंच ठेवून म्हणाले, "त्या गुडघ्यांसाठी आल्या नसणार. मी दोन मिनिटांत गुडघेच ऐकले."

पाटी परत न्यायची गोष्ट त्यांनी पुन्हा काढली नाही. एक नियम मात्र लागला, पाटीशेजारी कायम एक सिस्टर बसेल आणि पाटी अडखळली की अर्थ सांगेल.

नवव्या दिवशी मिरजेच्या डॉक्टरीणबाईंनी आम्हाला दोघींना समोर बसवलं. "आजार आहे," त्या म्हणाल्या, "पण उंबऱ्यात बसलाय, घरात शिरलेला नाही. पिशवी काढली की बहुतेक तोही जाईल. पुढची औषधंही लागणार नाहीत, असं मला वाटतं."

मी आत्यांचा हात धरला. त्यांनी विचार केला आणि म्हणाल्या, "काढा. तीन पोरं दिली तिनं. आता तिचं काय काम ऱ्हायलंय."

ऑपरेशन झालं. चौथ्या दिवशी रेवती वॉर्डात आली. तिला मीच कळवलं होतं. ती खाटेजवळ उभी राहिली आणि चष्मा पुसत राहिली. शेवटी म्हणाली, "मावशी, मी त्या दिवशी छान झालं म्हणाले. मला खरंच कळलं नव्हतं."

"छानच झालं की," आत्या म्हणाल्या. शेजारच्या खाटेवरच्या बाईला त्या नुकतंच टाक्यांची चुरचुर आणि टाक्यांची ओढ यातला फरक समजावून सांगत होत्या.

"तुमचं बोलणं पाटीत आहे. तुम्ही म्हणाल तर पुसून टाकते. नाहीतर त्यावरून ती शिकेल, पण तुमची परवानगी हवी."

"ठिव," आत्या म्हणाल्या. "फकस्त ते नणंदंच्या गावची बाई म्हनून हाय ना, तेवढं खोड. तिथं शालन घाल."

"नाव लागत नाही मावशी."

"मग 'मी' घाल."

पुढं तीन महिन्यांनी आम्ही दाखवायला गेलो. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, सगळे कागद बघितले आणि म्हणाल्या, "काही नाही. अगदी स्वच्छ. आता तीन महिन्यांनी या, आणि येताना द्राक्षं आणा." आत्यांनी तिथंच त्यांना सांगितलं की तीन महिन्यांनी द्राक्षं नसतात, बेदाणा असेल तर आणते.

परतीच्या एस.टी.त खिडकीजवळची जागा मिळाली. मी खूप दिवसांनी मोकळा श्वास घेत होते. गाडी मिरजेबाहेर पडल्यावर मी विचारलं, "आत्या, एक विचारू? मी घरात होते. रोज विचारत होते, बऱ्या आहात ना. मला का नाही सांगितलं?"

"तू चपला घालत इचारायचीस," त्या म्हणाल्या. रागानं नव्हे, मला आठवत नसेल म्हणून सांगितल्यासारखं. मग थोड्या वेळानं म्हणाल्या, "आणि मानसाला सांगाय लागलं की मानूस आधी तोंड करतं. भ्याल्यालं, न्हायतर किळसल्यालं, न्हायतर घाईचं. त्या तोंडाकडं बघून मी जानेवारीतबी गुडघं म्हनले. पाटीला तोंडच नव्हतं. तिला काय, ट्र्याक्टर वाटला तरी तिनं आईकलं."

मी माझी पर्स मांडीवरून खाली ठेवली. त्यांच्याकडं सरळ वळून बसले. "आता मला सांगा," मी म्हणाले. "चपला काढल्यात."

त्यांनी खाली वाकून बघितलं. खरंच काढल्या होत्या.

"काय सांगू?"

"सगळं. जे जे कधी दुखलं आणि सांगितलं नाही, ते."

"लई हाय," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा उजळला. विरळणीच्या ओळीत नवी गोष्ट सुरू करताना तो असाच व्हायचा. "महादेवाच्या वक्ताला माझी डावी मांडी बधिर झालीती, ती आजून पावसाळ्यात झिनझिनती, हितनं सुरू कर."

मी सुरू केलं. दाढ, जिच्यावर एकोणीस वर्षं लवंग ठेवली होती. उजवा खांदा, घड विरळून विरळून वर जात नव्हता तो. मामंजी गेल्यावर वर्षभर छातीत बसलेली एक गार जागा, जिला त्यांच्याकडं शब्दच नव्हता. तो शोधण्यात दोन थांबे गेले. मी प्रश्न विचारत होते, किती दिवस, कधी वाढतं, कशानं कमी होतं. पुढच्या बाकावरच्या दोन बायका कधीच मागं वळून बसल्या होत्या, आणि त्यातली एक म्हणाली, "माझंबी आसंच हुतंय की हो."

"तुझं नंतर," आत्या म्हणाल्या. "आदी माझं संपू दे."

कंडक्टर आला तेव्हा वडजी मागं पडून पाच मिनिटं झाली होती. पुढच्या भैरवाडीला उतरून बागांमधून तीन किलोमीटर चालत परत यायचं होतं, ऊन कलत होतं आणि आम्ही अजून तिसऱ्या बाळंतपणापर्यंतच पोचलो होतो.